सबटायटल वाचू की चित्र पाहू?

आमची भिशी जुनी. आता सगळ्यांची मुलं बाहेरगावी गेलीत, तेव्हा महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी भिशीतल्या मैत्रिणी आणि त्यांचे यजमान असे दहा-बारा जण दांडिया बाजारात आमच्याकडे जमतो आणि टीव्हीवर सिनेमा बघतो. जुने हिंदी-मराठी बरेचसे पाहून झाले. माझा भाचा इथेच फाइन आर्ट्‌सला शिकतो. तो म्हणाला, मावशी, आता जरा जगातलं बघा, आणि त्याने तारकोव्हस्की या रशियन दिग्दर्शकाचा 'स्टॉकर' लावला. अर्ध्या तासात निम्मी मंडळी पेंगायला लागली. आमचे हे एरवी रात्रभर गाण्याच्या बैठकीत मांडी न सोडता बसतात, पण तेही वैतागले. म्हणाले, "सबटायटल वाचू की चित्र पाहू? आणि पाहू तरी काय, काही घडतच नाही!" शेजारचे काका तर म्हणाले, परदेशातलं पाहून आपल्याला काय करायचंय? भाचा हिरमुसला. मला मात्र त्यातला तो घरातला पाऊस अजून आठवतो. मला असे सिनेमे बघायचेत, पण एकटीने नाही, सगळ्यांबरोबर. कुठून सुरुवात करू? सासूबाई ब्याऐंशीच्या, त्याही बसतात. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, आणि पडद्यावर भलतंसलतं आलं की माझी पंचाईत होते. आणखी एक, आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये असे सिनेमे दाखवता येतील का?
— एक वाचक, बडोदा

ताई,

भाच्याला आधी एवढं सांगा, की बारा जणांतल्या एकीला जरी तो पाऊस आठवत राहिला तरी त्याची संध्याकाळ वाया गेली नाही. ती तिघं माणसं दमून जमिनीवर बसलेली असतात, कोणी काही बोलत नाही, वरून पाऊस येतो आणि थांबतो. त्या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगणारे पुष्कळ भेटतील. तुम्हाला तो अर्थाशिवायच लक्षात राहिला, त्यामुळे तुमची मला काळजी नाही. प्रश्न आहे तो बाकीच्या अकरा जणांचा.

त्यांचंही काही चुकलेलं नाही. 'स्टॉकर' १९७९चा, अडीच तासांहून लांब. त्यात तिघं जण रुळांवरच्या ट्रॉलीवर बसून निघतात, तेव्हा कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यांना आणि मानांना चिकटून राहतो आणि कानावर फक्त चाकांचा खडखडाट येत राहतो. किती वेळ, तर आपण खुर्चीत तीनदा कूस बदलेपर्यंत. रात्रीचं भरपेट जेवून, दिवे मालवून बसलेल्या माणसाला त्या खडखडाटाने झोप नाही येणार तर काय होईल! भाच्याने त्याला सगळ्यांत थोर वाटणारी गोष्ट आणून तुमच्या पुढ्यात ठेवली. विशीत सगळे असंच करतात. पण घरी माणसं बोलावली की आपल्याला काय आवडतं याच्या आधी आलेल्यांना काय झेपेल ते बघावं लागतं, आणि हे त्याला त्याच्या मावशीनेच शिकवायला हवं.

याच कारणाने 'जगातले शंभर सर्वोत्तम' असल्या याद्या तूर्त मिटून ठेवा. ब्रिटनचं 'साइट अँड साउंड' हे मासिक १९५२पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. पहिल्या खेपेला 'बायसिकल थीव्ज' अव्वल आला, नंतरच्या पाचही खेपांना 'सिटिझन केन', २०१२ला 'व्हर्टिगो', आणि २०२२ला शांताल आकरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा १९७५चा 'जान दिएलमान'. सव्वातीन तासांहून मोठा. ब्रसेल्समधली एक विधवा बाई तीन दिवस घरकाम करते, बटाटे सोलते, भांडी घासते, पलंगपोस सारखा करते. मला हा सिनेमा फार मोलाचा वाटतो. पण तुमच्या मैत्रिणी शनिवारी रात्री आपापल्या घरचे बटाटे सोलूनच आलेल्या असतात, त्यांना आणखी बटाटे दाखवायची घाई नको. शिवाय त्या बाईकडे दुपारी कोण कोण येतं, ते सासूबाईंना समजावत बसणं तुमच्याच वाट्याला येईल. अशा याद्या समीक्षकांच्या मनातलं सांगतात. सुरुवात कुठून करावी हे त्या सांगत नाहीत.

तेव्हा सिनेमा निवडताना त्याचं नाव किती मोठं आहे ते न बघता त्यातलं घर बघा. म्हातारे आईवडील, दूर गेलेली मुलं, वडिलांना सांभाळायला ठेवलेली बाई, चुकून पिशवीत आलेली मित्राची वही, चोरीला गेलेली सायकल. देश अनोळखी असला तर चालतो. पण देश, माणसं आणि गोष्ट सांगायची रीत, असं सगळंच एका रात्रीत अनोळखी निघालं की माणूस डोळे मिटून घेतो.

तुमच्या यजमानांचंच बघा. ज्या गावात उस्ताद फैयाझ खाँ दरबारगायक होते, त्या गावातल्या गाणं ऐकणाऱ्या माणसाला संथपणाचं वावडं असेल हे मला पटत नाही. विलंबित ख्यालाच्या पहिल्या दहा मिनिटांत काय घडतं, असं त्यांना एकदा विचारून बघा, तासभर सांगत बसतील. तिथे कान कुठे द्यायचा ते त्यांना ठाऊक आहे. सिनेमात डोळा कुठे ठेवायचा त्याची सवय नाही, एवढंच. म्हणून त्यांच्यासाठी पहिला सिनेमा परदेशी नकोच. चैतन्य ताम्हाणेंचा २०२०चा 'द डिसायपल' लावा. मराठी आहे, मुंबईत ख्याल शिकणाऱ्या एका तरुणाची गोष्ट आहे, आणि व्हेनिसच्या महोत्सवात त्याला उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळालेला आहे. नायक आदित्य मोडक आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड दोघंही खरोखरचे गाणारे, त्यामुळे तंबोरा धरण्यापासून खोटं काही नाही. त्यात हा मुलगा रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावरून मोटरसायकलने जातो, चित्र मुद्दाम संथ केलेलं, कानात 'माई' नावाच्या गायिकेच्या बोलण्याची टेप. हा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा. पडद्यावर रस्ता, दिवे आणि पाठमोरा मुलगा, बाकी काही नाही. पण माई गाण्याबद्दल जे बोलतायत आणि हा जे आयुष्य जगतोय, त्यात किती अंतर आहे ते त्या रिकाम्या रस्त्यावर दिसत राहतं. यजमान इथे पेंगणार नाहीत. फार तर 'मुलाचा आवाज लागत नाही' म्हणून वाद घालतील, आणि तोच तर सिनेमाचा विषय आहे! त्या मोटरसायकलीवर जे बसले ते पुढेमागे तारकोव्हस्कीच्या ट्रॉलीवरही बसतील. फक्त यात एकान्तातले एक-दोन अवघडवणारे प्रसंग आहेत, त्या रात्री सासूबाईंना लवकर झोपू द्या.

शेजारच्या काकांना उत्तर द्यायला तर तुम्हाला गल्लीबाहेर जायचीही गरज नाही. दादासाहेब फाळके चित्रकला आणि फोटोग्राफी शिकले ते बडोद्याच्या कलाभवनात. पुढे मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरचा एक परदेशी मूकपट पाहिला, आणि तो पाहताना आपल्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण यायला लागले असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. दुसऱ्या खेळाला बायकोला, सरस्वतीबाईंना, बरोबर घेऊन गेले. १९१२ला लंडनला जाऊन कॅमेरा आणला आणि ३ मे १९१३ला 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. काकांना जुने हिंदी सिनेमे आवडत असतील तर आणखी एक सांगा. १९५२ला आपल्याकडे पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, त्यात 'बायसिकल थीव्ज' दाखवला गेला, तो बिमल रॉयनी पाहिला, आणि पुढच्याच वर्षी 'दो बीघा जमीन' आला. परदेशातलं पाहून काय करायचं, त्याचं उत्तर काकांच्या आवडत्या सिनेमांतच आहे.

आता सासूबाईंचं. ब्याऐंशीच्या वयात सिनेमाला बसणारी बाई तुमच्या घरात आहे, तर तिला धरूनच आखणी करा. जे सिनेमे त्यांना कळतील ते सगळ्यांनाच कळतील. सुरुवात बिनबोलीच्या सिनेमांपासून. अल्बेर लामोरिस या फ्रेंच दिग्दर्शकाचा 'द रेड बलून', १९५६चा, अवघ्या ३४ मिनिटांचा. पॅरिसच्या करड्या गल्ल्यांतून एका शाळकरी पोराच्या मागे एक लाल फुगा कुत्र्याच्या पिल्लासारखा फिरतो. शाळेत येतो, खिडकीबाहेर थांबतो. बोलणं जवळपास नाहीच, आणि तरी त्याला पटकथेचं ऑस्कर मिळालं. तो पोरगा दिग्दर्शकाचाच मुलगा. पहिल्या शनिवारी एवढंच दाखवा आणि थांबा. अर्ध्या तासात सिनेमा संपला, आता काय, असं मंडळींना वाटेल तेव्हा चहा आणा. भाकरवडीचा डबाही तेव्हाच उघडा, आधी नको. या सिनेमांत शांतता पुष्कळ असते, आणि शांततेत भाकरवडी फार लांबवर ऐकू येते.

पुढच्या वेळी जाक तातीचा १९५३चा 'मस्य हुलोज हॉलिडे'. उन्हाळ्याच्या सुटीत समुद्रकाठच्या एका छोट्या हॉटेलात उतरलेली माणसं आणि त्यांत हा लांबट, भला, धांदरट हुलो. सुरुवातीलाच रेल्वे स्टेशन आहे. भोंग्यातून कोणीतरी काहीतरी बरळतं, एक अक्षर कळत नाही, प्रवाशांचा लोंढा एका फलाटावरून जिन्याने खाली जाऊन दुसऱ्या फलाटावर चढतो, तोवर गाडी भलतीकडेच लागते. बडोदा स्टेशनवर बोचकी घेऊन उभं राहिलेल्या कुणालाही याचं भाषांतर लागत नाही. हॉटेलच्या जेवणघराचं दार उघडमीट होताना एक 'ठ्यांग' आवाज करतं, ते दहाव्यांदा वाजेल तेव्हा सासूबाई हसतील. ताती विनोद मध्यभागी आणून दाखवत नाही, तो पडद्याच्या कोपऱ्यात कुठेतरी चाललेला असतो. बघणारे एकमेकांना बोट करून दाखवायला लागले की समजा डोळ्याला सवय लागली. पुढे सगळं जमलं तर कानेटो शिंडोचा 'द नेकेड आयलंड' हा १९६०चा जपानी सिनेमाही याच वाटेवरचा आहे. एका बेटावरचं कुटुंब कावडीने पाणी वाहत राहतं, बोलणं जवळपास शून्य. मात्र तो हसवणारा नाही.

मग बोलके सिनेमे. आधी इराणी, कारण लहान मुलांच्या गोष्टी आपल्याकडे कोणीही बघतं. माजिद माजिदीचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेलच, तो बूट हरवलेल्या भावाबहिणींचा. म्हणून मी अब्बास किआरोस्तामीचा 'व्हेअर इज द फ्रेंड्‌स हाउस' सुचवीन, १९८७चा, दीड तासाच्या आतला. आठ वर्षांचा अहमद घरी येऊन दप्तर उघडतो तर शेजारी बसणाऱ्या मुलाची वही त्याच्याकडे आलेली. उद्या वही नसेल तर मास्तर त्या मुलाला शाळेतून काढणार. अहमद आईला सांगतो, आई म्हणते आधी गृहपाठ कर. पुन्हा सांगतो, आई म्हणते बाळाला झोका दे. पुन्हा सांगतो. ती वाईट बाई नाही, कामात आहे. तो जे म्हणतोय ते तिला ऐकू येतं आणि तरी पोचत नाही. आपण सगळ्यांनी हे केलेलं असतं, म्हणून तो प्रसंग बघताना खोलीत जरा चुळबुळ होते. 'काही घडत नाही' म्हणणाऱ्यांना हा सिनेमा दाखवून विचारा, एवढ्या धडधडीने तुम्ही शेवटचा मारामारीचा सिनेमा कधी पाहिला होतात?

त्यानंतर 'बायसिकल थीव्ज', १९४८, व्हित्तोरियो दे सिका. कथा तुम्हाला माहीत असेल, युद्धानंतरच्या रोममध्ये पोस्टरं चिकटवायची नोकरी मिळते, तिला सायकल लागते, आणि पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. मुख्य भूमिकेतला लँबेर्तो माज्जोरानी नट नव्हता, कारखान्यातला कामगार होता. मंडळींना एक जागा आधी न सांगता दाखवा आणि मग तिच्यावर बोला. गहाण पडलेली सायकल सोडवायला बायको घरातल्या चादरी गहाण टाकते, लग्नातल्या. खिडकीआडचा कारकून तो गठ्ठा घेतो, मागे जातो आणि वर चढतो, आणखी चढतो. तेव्हा दिसतं की छतापर्यंत रकानेच्या रकाने भरलेत, सगळ्यांत गठ्ठेच गठ्ठे. किती घरांच्या चादरी! एक शब्द नाही, आकडा नाही, आणि अख्ख्या शहराची परिस्थिती कळली. सबटायटल वाचायलाच लागत नाही असे क्षण या सिनेमांत पुष्कळ असतात, तुमच्या यजमानांना हे ध्यानात आणून द्या.

एवढं झाल्यावर माझा सगळ्यांत आवडता, तुमच्या घरासाठी जणू बेतलेला सिनेमा. हिरोकाझू कोरे-एडाचा 'स्टिल वॉकिंग', जपानी, २००८. थोरल्या मुलाचं वर्षश्राद्ध. तो कधीच गेलाय, बुडणाऱ्या एका पोराला वाचवताना. धाकटा मुलगा बायको आणि तिच्या पहिल्या लग्नाच्या मुलाला घेऊन आईवडिलांकडे येतो, बहिणीचं कुटुंबही येतं. एक दिवस, एक रात्र. आई स्वयंपाक करते, मक्याचे दाणे सुटे करून त्यांची भजी तळते, ते तेलात फुटतात तेव्हा सगळे स्वयंपाकघरात धावतात. वडील निवृत्त डॉक्टर, दवाखाना बंद झाला तरी स्वतःला डॉक्टर समजूनच वागणारे, पोरांशी धड बोलत नाहीत. भांडण असं होतच नाही. सून नव्या घरात जपून वागते, सासू गोड बोलते, आणि त्या गोड बोलण्यात मधेच असा एक टोमणा येतो की भांडी विसळता विसळता सुनेचा हात थांबावा. आपल्या श्राद्धाच्या दिवशी, पानं मांडताना, असंच सगळं चाललेलं असतं ना?

आणि मग तो वाचलेला मुलगा येतो. आता मोठा झालाय, जाडजूड, कशातच धड नाही, घामाघूम होऊन फोटोपुढे गुडघ्यांवर बसतो. दरवर्षी त्याला बोलावतात. धाकटा मुलगा आईला म्हणतो, पुरे आता, त्याला किती त्रास होतो, बोलावू नका. आई क्रोशाचं विणकाम चालू ठेवून, आवाज न चढवता, शांतपणे सांगते की त्रास व्हावा म्हणूनच तर बोलावते. द्वेष करायला कोणी समोर नाही, मग वर्षातून एक दिवस त्यानेही सोसलं तर बिघडलं कुठे? ही तीच बाई, जिने सकाळी हसतहसत भजी तळली. मला या प्रसंगाइतकं भेदक चित्रण दहा खुनांच्या सिनेमात दिसलेलं नाही. इथे यजमानांकडे बघा. ते जर गप्प झाले असतील तर 'काही घडत नाही'चा विषय संपला.

याच रांगेत पुढे यासुजिरो ओझूचा १९५३चा 'टोक्यो स्टोरी'. म्हातारा-म्हातारी मुलांना भेटायला टोक्योला जातात आणि मुलांना वेळ नसतो. मराठी माणसाला लगेच 'नटसम्राट' आठवेल. पण तिथे अप्पा गर्जतात, इथे कोणी आवाजसुद्धा चढवत नाही. जावई म्हाताऱ्यांसाठी महागडे केक आणतो, तर लेक म्हणते, त्यांना कशाला एवढं, साधी बिस्किटं चालली असती, आणि स्वतःच एक तोंडात टाकते. कॅमेरा जमिनीवर मांडी घातलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर असतो, त्यामुळे आपण त्यांच्यातच बसल्यासारखं वाटतं. सव्वादोन तास, घाईने नको. आणि कधी बारा जणांना कडाडून भांडायची हौस आली तर असगर फरहादीचा 'अ सेपरेशन', २०११. अल्झायमर झालेल्या वडिलांना सांभाळायला एक गरीब, धार्मिक बाई ठेवलेली, तिच्याशी एक झटापट होते, आणि मग खोटं कोण बोलतंय? सुरुवातीला नवरा-बायको थेट आपल्याकडे बघून बोलतात, न्यायाधीश दिसतच नाही. ती खुर्ची प्रेक्षकांची. घरात आजारी माणसाला बघायला बाई ठेवलेली असली की या सिनेमावर रात्री बारापर्यंत बोलणं होतं, सेव-उसळ पुन्हा गरम करावी लागते.

ज्या शनिवारी सगळ्यांना वेळ कमी असेल त्यासाठी पोलंडच्या किश्लोव्स्कीचा 'डेकालॉग' हाताशी ठेवा. टीव्हीसाठी केलेले दहा स्वतंत्र भाग, प्रत्येक साधारण तासाभराचा, सगळे वॉर्सातल्या एकाच वसाहतीत घडणारे. पहिल्यापासूनच सुरू केलं पाहिजे असं नाही. दहावा घ्या. वडील गेल्यावर दोन भावांना त्यांचा पोस्टाच्या तिकिटांचा संग्रह मिळतो आणि त्यांची हाव कशी जागी होते त्याची ती गंमत आहे. पाचव्यात खून आणि फाशी आहे, सहावा एका मुलाने दुर्बिणीतून समोरच्या खिडकीतल्या बाईकडे बघण्याचा. ते दोन सासूबाईंना वगळून.

अवघड प्रसंगांबद्दल माझा नियम एकच, जो सिनेमा लावणार त्याने तो आधी एकदा पूर्ण पाहिलेला असावा. रिमोट धरून ऐन वेळी पुढे पळवणं वाईट, त्याने नसलेलं कुतूहल वाढतं. या पत्रात मी तुमच्या दिवाणखान्यासाठी जे सुचवलंय, त्यात जिथे अडचण आहे तिथे तसं लिहिलंय.

सबटायटलचं म्हणाल तर निम्मी अडचण टीव्हीच्या सेटिंगमध्ये सुटते. अक्षरं मोठी करा, रंग पिवळा करता येत असेल तर करा, आणि खुर्च्या टीव्हीच्या चार पावलं जवळ घ्या. पन्नाशीनंतर चष्म्याचे दोन नंबर असतात, कोणता लावून बसायचं ते आधी ठरलेलं बरं. दुसरं, भाच्याला एक काम द्या. एका कागदावर पात्रांची नावं, नाती आणि घरातलं स्थान मराठीत लिहून त्याच्या झेरॉक्स वाटायच्या. 'टोक्यो स्टोरी'साठी असं: शिगे, मोठी मुलगी, ब्यूटी पार्लर चालवते. नोरिको, युद्धात गेलेल्या मुलाची बायको. जपानी आणि रशियन सिनेमात लोकांची दांडी उडते ती बहुतेक वेळा नावांवर. कथा मात्र लिहायची नाही. सासूबाईंच्या शेजारी एकीने बसून गरजेपुरतं कानात सांगावं, वाक्य न् वाक्य नव्हे. बोलपटापूर्वी जपानात पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे पगारी निवेदक असत, तेव्हा यात कमीपणा काही नाही. हिंदीत डब केलेली आवृत्ती मिळाली तर मोह होईल, पण 'स्टिल वॉकिंग'मधल्या आईचा तो न चढवलेला आवाज डबिंगमध्ये गेला की उरतं काय?

सिनेमे मिळतात कुठे? यातले बरेच मूबीवर किंवा दुसऱ्या कुठल्यातरी ओटीटीवर येत-जात असतात. आज आहे तो पुढच्या महिन्यात असेलच असं नाही, म्हणून शनिवारी संध्याकाळी शोधाशोध करू नका, आठवडाभर आधी बघून ठेवा. कोणीतरी पेन ड्राइव्हवर आणून देतो म्हणेल. घेऊ नका. चोरी ती चोरीच, वर त्यातली सबटायटल माणसाच्या बोलण्याआधी नाहीतर नंतर धावत असतात, आणि यजमानांच्या तक्रारीला आयतं निमित्त मिळतं.

मंडळाच्या हॉलचं उत्तर जरा निराशेचं आहे. ओटीटीची वर्गणी घरात बघण्यापुरती असते. हॉलमध्ये लावायचं तर तिकीट असो वा नसो, सिनेमाच्या हक्कदाराची परवानगी लागते, आणि जाहीर खेळाला सेन्सॉरचा प्रश्नही येतो. रीतसर मार्ग फिल्म सोसायटीचा, म्हणजे सभासदांनी मिळून सिनेमे बघायच्या मंडळाचा. १९५९ला स्थापन झालेल्या फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष सत्यजित राय होते. तिच्याशी संलग्न सोसायटी काढली की सिनेमे मिळवणं सोपं जातं, वकिलातींच्या सांस्कृतिक केंद्रांकडेही विचारता येतं. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८पासून हेच काम करतंय, त्यांना पत्र लिहून कारभार कसा चालतो ते विचारायला हरकत नाही. पण बारा जणांचा एक हिवाळा घरात नीट पार पडल्याशिवाय त्या भानगडीत पडू नका. हॉल घेतला की आधी ध्वनिक्षेपकावर भांडणं होतात, मग अध्यक्ष कोण यावर. त्यापेक्षा जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास पुण्याचा महोत्सव असतो, नोव्हेंबरात गोव्याचा, दोन्हीकडे सामान्य प्रेक्षकाला नोंदणी करून जाता येतं. भिशीचे पैसे एका वर्षी तिकडे वळवा.

राहिला भाचा. त्याला पुढच्या वेळी तारकोव्हस्कीच दाखवायचा असेल तर १९६२चा 'इवान्स चाइल्डहुड' दाखवू दे. दीड तासाच्या आसपासचा, युद्धात टेहळणी करणारा बारा वर्षांचा पोरगा, स्पष्ट गोष्ट, आणि पाऊस त्यातही आहे. 'स्टॉकर' पुन्हा लावायचा तो ज्यांना यायचं असेल त्यांच्यापुरता, रविवारी सकाळी पोहे-चहा झाल्यावर, रात्री नको. आणि आधी त्याने प्रस्तावना करायची नाही, जे काय बोलायचं ते नंतर.